पांढरा दगड

"ताई, पाणी जवळ आलंय का हो?" रांगेतल्या आजोबांनी विचारलं. पाहुण्यांना जुन्या मासळीबंदराच्या तटाखालून फिरवणं हा माझा धंदा. मी पुढच्या खडकावरचा पांढरा दगड दाखवला. "सासऱ्यांची खूण आहे. त्याला पाणी लागलं की मागे फिरायचं. अजून कोरडा ठणठणीत आहे." सगळे निर्धास्तपणे फोटो काढू लागले. तेवढ्यात लाट माझे बूट भिजवून गेली. दगड मात्र कोरडाच. होड्या रंगवणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. "दगडाला हात लावलास?" तो खुशीत म्हणाला, "भरतीत रंग धुऊन जातो म्हणून माझ्या नावानं खडे फोडतेस ना? सकाळी रंगवून पुरुषभर वर ठेवला. आता रंग जायचा नाही." मी मागे वळले. आलो ती वाट पाण्याखाली होती. "घाबरू नका, ताई," आजोबा म्हणाले, "दगड अजून कोरडा आहे."