परागला विचारलं

“परागच्या हाडातून मज्जा काढायची, हे मी कसं ठरवू?” सुचेताने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. “त्याला यातलं काही कळत नाही, डॉक्टर.”

तिचा मुलगा पराग तिच्या शेजारीच बसला होता. सत्तावीस वर्षांचा, पण बुद्धीची वाढ लहानपणीच अडखळलेली. भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात तो डब्यांना झाकणं बसवायचा. त्याचे कपडे, त्याचं जेवण, केस कधी कापायचे, सगळं सुचेताच ठरवायची. नवरा गेल्यापासून तर एकटीच.

आजारी होती धाकटी मुलगी निशिगंधा. शांती नगरच्या एका शाळेत ती शिकवायची. आधी अंगावर निळे डाग उमटले, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग ताप उतरेना. तिच्या मज्जेने रक्त तयार करणंच बंद केलं होतं. दुसऱ्या कुणाची जुळणारी मज्जा मिळाली तर ती वाचणार होती. सुचेताची जुळली नाही. परागची पूर्ण जुळली.

“माझ्यामागे हिने याला सांभाळायचं, असं धरून चालले होते मी,” सुचेता म्हणाली. “आता हिच्यासाठी यालाच टेबलावर झोपवू? इंजेक्शन नुसतं दिसलं तरी हा बाथरूमला कडी लावून बसतो.”

डॉक्टर मृणालिनींनी खुर्ची परागकडे वळवली. “पराग, तुमच्या कारखान्यात डबे बनतात ना? आपल्या हाडांत रक्त बनतं. तिथल्या मूळ पेशी एकच, पण त्यांच्यापासून तीन तऱ्हेचा माल निघतो. तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात. पांढऱ्या जंतूंशी लढतात. आणि कापलं की रक्त थांबवतात त्या प्लेटलेट. निशिगंधाचा कारखाना बंद पडलाय.”

“संप?” परागने विचारलं.

“नाही रे. तिच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांचीच चूक झाली. त्यांनी चोर समजून आपलेच कामगार मारले.”

सुचेता परागचा हात धरायला गेली, तर त्याने तो काढून घेतला.

“माझ्यातले पाठवा,” तो म्हणाला.

“दुखेल हं. कंबर बरेच दिवस दुखेल. नाही म्हणालास तरी कुणी रागावणार नाही.”

“पाठवा.”

सुचेताने सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी त्याने ट्रॉली नाकारली. तो स्वतःच्या पायांनी चालत आत गेला.

त्याच्या कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा लालभडक पिशवीतून आली आणि साध्या रक्तासारखी निशिगंधाच्या शिरेतून आत गेली. हाडात कुणी काही भरलं नाही. त्या पेशींनी रक्तातून आपापली वाट काढली, तिच्या हाडांत शिरल्या आणि कामाला लागल्या. डॉक्टर इतकी वर्षं हेच बघत होत्या, तरी सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

वाट बघणं मात्र सोपं नव्हतं. निशिगंधा निर्जंतुक खोलीत, काचेपलीकडे तापाने फणफणत होती. पराग दुखऱ्या कमरेने रोज काचेपाशी उभा राहायचा. एका सकाळी तिच्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या. पुढे ताप उतरला. मग प्लेटलेट वाढल्या, ओठांवर रंग आला. अखेर ती भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या घरी परतली, तोंडाला मास्क, डोक्यावर स्कार्फ, पण स्वतःच्या पायांनी जिना चढून.

त्या संध्याकाळी ती झोपल्यावर सुचेता परागला वाढत होती.

“तुला भीती नाही वाटली?”

“वाटली. खूप.”

“मग हो का म्हणालास?”

“निशू मेली असती ना.”

सुचेताच्या हातातला डाव तसाच राहिला. हा शब्द त्याच्याशी बोलताना तिने कधी ओठांवरही आणला नव्हता. “हे कुणी सांगितलं तुला?”

“तूच. मावशीला. फोनवर.” परागने शांतपणे भात कालवला. “मी असतो ना तिथेच. तुम्ही सगळं माझ्यासमोरच बोलता. मला कळत नाही ना, म्हणून.”