हरणाचा ठसा

चौकात झारच्या अधिकाऱ्याने हुकूम वाचला: बंडखोरांना पोसल्याची शिक्षा म्हणून आजपासून हे शहर नाही, खेडं. बाजाराचा हक्क गेला, हरणाचं शहरचिन्हही गेलं. सगळ्यांच्या नजरा पाव भाजणाऱ्या अपोलोनियाकडे वळल्या. शहराचा ठसा उमटवल्याशिवाय पाव भट्टीत घालायचा नाही, हा बापजाद्यांचा नियम. जंगलात लपलेल्या बंडखोर नवऱ्याला पाव पाठवतानाही तिने सवयीने हरणाचा ठसा उमटवला होता. शिपायांनी त्याला गोळी घातली, तेव्हा त्याच्या झोळीत तोच पाव सापडला. “तुझ्या पावाने आमचं अख्खं शहर खाल्लं गं बये,” शेजारीण म्हणाली. अपोलोनिया घरी आली. तिने पीठ मळलं, गोळे केले. हात ठशाकडे गेला आणि थबकला. मग तिने तो लाकडी ठसा विस्तवात टाकला. संध्याकाळी कोऱ्या पावावरून बोट फिरवत लेकीने विचारलं, “आई, हरीण कुठं गेलं?” “जंगलात,” ती म्हणाली, “तुझ्या बाबांकडे.”