तापलेला खिसा

दिगंबरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात गप्पा मारत बसलेला त्याचा थोरला भाऊ "आई गं!" म्हणत उडाला. त्याच्या लेंग्याचा खिसा पेटायच्या बेतात होता. दिगंबरने खिसा उलटा केला, तर आत वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, सुटी बॅटरी आणि चुन्याची पत्र्याची डबी. बॅटरी त्याने फडक्याने वाळूच्या बादलीत ढकलली.

"तंबाखू सोडून वेप धरलास ना दादा? मग डबी कशाला?"

"सवय रे. वहिनीला वेपचं सांगू नकोस."

"बॅटरीची दोन्ही टोकं पत्र्याला टेकली की शॉर्ट होते, महाराज! सुट्या बॅटरीला प्लास्टिकची डबी लागते."

घरी वहिनीने खिशाला पडलेलं जळकं भोक पाहिलं. दिगंबर म्हणाला, "तुमची आठवण आली की दादाचा खिसा तापतो, वहिनी!"

"हो का, भावजी?" म्हणत तिने सुई-दोरा काढला.

सकाळी दादा प्लास्टिकची डबी खिशात टाकायला गेला. हात आत जाईना. वहिनीने भोक बुजवलं होतंच, शिवाय खिशाचं तोंडही शिवून टाकलं होतं. पोहे खाता खाता दिगंबरला ठसका लागला.

"सदऱ्याच्या खिशात सापडलेला वेप माझ्या कपाटात आहे," वहिनी म्हणाली. "आता खुशाल काढा माझी आठवण. खिसा तापायचा नाही."