पँटला चिकटलेलं नाव

"नाव सांगितलंस तर वर्षभर दाढी फुकट. नाही सांगितलंस तर मिशी माझी, आणि तीही भर रस्त्यात," सलूनवाला म्हणाला. शेजारच्या किल्लीवाल्याने खुशाल टाळी दिली.

पैज एका रानझाडावर होती. किल्लीवाला सुट्टीत डोंगर चढून आला होता. हातात पिवळ्या फुलांचा तुरा, आणि पँटला गुडघ्यापर्यंत त्याच झाडाची काटेरी बोंडं. हे झाड आपण लहानपणापासून ओळखतो, असं तो छाती फुगवून सांगत होता. पण शेजाऱ्यांच्या किल्ल्यांची अदलाबदल करून लांबून मजा बघणारा हा माणूस. त्याचं खरं कोण मानणार?

मग पंच कोण, यावर खल झाला. सलूनवाल्याने वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. रविवारी सकाळी सलूनपुढे, त्यांच्या समोर नाव घ्यायचं ठरलं.

किल्लीवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. चाळिशी ओलांडलेला हा ब्रह्मचारी साऱ्या गल्लीची कुलपं उघडायचा, पण बाई दिसल्या की त्याच्याच तोंडाला कुलूप लागायचं.

तरी आठवडाभर तो जिना चढत राहिला. आज पान दाखवायला, उद्या फूल, परवा बोंड. बाई भिंगातून बघायच्या, मान डोलवायच्या आणि हसून विचारायच्या, बरं, नाव काय म्हणालात? किल्लीवाला कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या त्यांच्या वडिलांकडे बघायचा आणि खाली उतरायचा. मागे स्वेटरवरची बोंडं उपटत वडील कुरकुरायचे, हा माणूस रोज काय घेऊन येतो घरात?

रविवारी अख्खी गल्ली जमली. बाई आल्या, काठी टेकत वडीलही आले. किल्लीवाल्याने तोंड उघडलं. बाईंकडे बघितलं. वडिलांकडे बघितलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

एकच हशा पिकला. रस्त्याच्या मधोमध खुर्ची आली, मानेभोवती फडकं आलं. कॉलेजपासून तूप लावून वाढवलेली मिशी दोन फटक्यांत गेली. किल्लीवाला सोललेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला.

वस्तरा पुसत सलूनवाल्याने विचारलं, "बाई, तुम्हाला तरी माहीत होतं का हो?"

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं. आणि यांनाही पक्कं माहीत आहे." बाईंनी बाहीला चिकटलेलं एक बोंड ओढून पाहिलं. निघेना, तसं राहू दिलं. "डोंगरातली माणसं याला घरजावई म्हणतात. एकदा चिकटला की थेट घरात."

किल्लीवाला फडक्यात तोंड लपवायला लागला. वडिलांनी काठी सावरत त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"मिशीशिवायही चालेल," ते म्हणाले.