नानांचे सात सोबती

“मृदुला, गाडी थांबव, पाणी हिंदकळतंय!”

मागच्या सीटवरून सासऱ्यांनी अकराव्यांदा सांगितलं, तेव्हा मृदुलाने दातओठ खाल्ले. कोल्हापूरचं घर सोडून नाना कायमचे तिच्याकडे अमरावतीला निघाले होते. सामान ट्रकने पुढे गेलं, पण सात गोल्डफिश मात्र नानांच्या पायांशी बादलीत होते. एसी लावायचा नाही, ब्रेक दाबायचा नाही. तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

जालन्याच्या अलीकडे बादलीतला हवापंप बंद पडला. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

“मेले तर मेले! मी तरी काय करू?” ती ओरडली. नानांचा चेहरा पाहून तिलाच कसंतरी झालं. गाडी सावलीला लावून तिने तांब्याने बादलीतलंच पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतायला घेतलं. तेवढीच पाण्यात हवा मिसळेल. अर्ध्या तासाने तिचे दंड भरून आले, तेव्हा कुठे मासे तळाशी गेले.

“तुला फार त्रास दिला गं,” नाना पुटपुटले. “पण तिकडे माझ्या ओळखीचं दुसरं आहे कोण?”

“अहो, मग मी कोण आहे?” ती चिडूनच म्हणाली आणि आणखी एक तांब्या ओतला.