चिमानं वळवलेलं विमान

धुक्यात वाट चुकलेलं छोटं विमान कडावच्या माळावर उतरलं, तेव्हा चिमा शिंपीण हातातलं शिवण टाकून धावली. सारा गाव तिच्याआधी पोचला होता.

वैमानिक रेगे एकटाच होता, सुखरूप होता. पुण्याहून मुंबईला निघालेला. धुकं जरा विरळ होताच तो पुन्हा चढून बसला. हात लांब करून म्हणाला, “मुंबई त्या बाजूला.”

“तिकडं भीमाशंकरचा डोंगर हाय,” चिमा म्हणाली.

“बाई, होकायंत्र सांगतंय. ही उत्तर, म्हणजे ती पश्चिम.”

चिमानं त्याच्या उत्तरेकडं पाहिलं, मग माळाकडेच्या देवळाकडं. “आमचा मारुती दक्षिणेला तोंड करून बसलाय, सायेब. तुमची उत्तर नेमकी त्याच्या तोंडासमोर येते.”

लोक हसले. “वैनी, तू कापडं शिव,” हिरामण पाटील म्हणाला. “विमान काय मारुतीला इचारून चालतं?”

चिमा हटली नाही. विमानाचं दार धरून तिनं आत डोकावलं. होकायंत्राला खेटून एक कोरा ट्रान्झिस्टर रेडिओ टॉवेलात बसवला होता.

“ह्यो कवा ठेवला?”

“आज निघताना. कालच घेतलाय. धुकं लागेपर्यंत खालचे रूळ बघत आलो, होकायंत्राची गरजच पडली नव्हती. पण बंद आहे तो.”

“बंद असला तरी त्याचा भोंगा सुया वेचतो. मोडक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक हाय माज्याकडं. सांडलेल्या सुया त्यानंच गोळा करते. काढा त्याला तिथनं.”

रेगे क्षणभर घुटमळला. मग त्यानं ट्रान्झिस्टर तिच्या हातात दिला. चिमा दहा पावलं मागं गेली.

होकायंत्राची तबकडी डुलली, सावकाश फिरली आणि अर्धा फेरा घेऊन थांबली.

“पुन्हा आणा जवळ,” रेगे म्हणाला. तिनं आणला. तबकडी पुन्हा उलटी फिरली.

ट्रान्झिस्टर पार मागं, शेपटाकडं गेला. रेगेनं चिमाला हात जोडले. विमान उठलं, माळावर एक घिरटी घातली आणि मावळतीला गेलं.

तासाभरानं धुकं फाटलं. उगवतीला, रेगेनं आधी हात केला होता तिथंच, डोंगर उघडा पडला. काळा, सरळसोट.

मग कुणीतरी आरोळी ठोकली आणि सगळा माळ गर्जू लागला. बायकांनी चिमाला मधे घेतलं.

हिरामण टोपी हातात घेऊन डोंगराकडं बघत उभा होता. “चिमावैनी,” तो म्हणाला, “मला बी समजाव की.”

चिमानं माळावरच मांडी घातली. “बस खाली.”