ऐंशी टक्के सवलत

कंपनीची सायबर सुरक्षा सांभाळणारे साहेब कोण किती सावध आहे ते तपासायला दर महिन्याला सगळ्यांना एक खोटी ईमेल पाठवायचे. तिच्यातल्या लिंकवर जो क्लिक करेल, त्याला सोमवारी प्रशिक्षणाला बसवून चारचौघांत सोलून काढायचे. “फुकट ते पौष्टिक, नाही का?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या महिन्यात मात्र त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बढतीसाठी वरच्या पातळीची सर्टिफिकेशन परीक्षा द्यायची होती, आणि फी भरावी तर पुस्तकं राहत होती, पुस्तकं घ्यावीत तर सराव परीक्षा.

“या वेळची ईमेल तुम्हीच बनवा,” ते सहायक बाईंना म्हणाले.

“आमिष काय दाखवू, सर?”

“ज्याला ज्याची भूक, तेच. माणूस आपसूक गळाला लागतो.”

चार दिवसांनी साहेबांना ईमेल आली: ‘परीक्षेचा संपूर्ण अभ्याससंच. ऐंशी टक्के सवलत. फक्त आज.’

साहेबांनी आधी बायकोला फोन लावला. “अगं, बसलं एकदाचं बजेटमध्ये!” आणि बोलता बोलताच क्लिक केलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आपण फसला आहात. सोमवारी अकरा वाजता प्रशिक्षणाला हजर राहावे.’

खाली प्रशिक्षक म्हणून त्यांचंच नाव होतं.